काळा ट्रे अखेर काळाच राहिला

साच्यातून काढला, वाळला, वर चहाचा कपही ठेवून झाला, तरी ट्रे काळाच आहे! घरी सिमेंटच्या वस्तू ओतते मी, आणि मागच्या वेळी काळा रंग घालून केलेला ट्रे वाळल्यावर पांढरा पडला होता. ते फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना हा आनंद कळेल. तेव्हाचा ट्रे पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, याला त्र्यंबकहून आणून भस्म फासलंस का?"

बाकीचं पटकन सांगते. श्रीखंडाच्या डब्यात ओतलेली कुंडी चांगली निघाली. बुडबुड्यांचा त्रासही बराच कमी झालाय. ऑर्बिटल सँडर पॉलिश पेपर न लावता टेबलाच्या खालून टेकवायचा, साचा वर ठेवलेला. बुडबुडे भराभर वर येतात. फार वेळ मात्र धरू नका, माल (सिमेंट-वाळूचं ओलं मिश्रण) खाली बसतो आणि पाणी वर तरंगतं.

आता मुख्य दुखणं, पांढऱ्या थराचं. बोअरच्या पाण्यावर माझा दाट संशय होता. आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल दर वर्षी खरवडावी लागते, मग सिमेंटला काय सोडणार? म्हणून एकाच मापाच्या दोन चकत्या ओतल्या, एक बोअरच्या पाण्यात आणि एक गंगापूर धरणाच्या, म्हणजे नळाच्या. दोन्ही सारख्याच पांढऱ्या पडल्या. ओल्या फडक्याने पुसलं तर ढिम्म. व्हिनेगरचा थेंब टाकला आणि फस्सकन फेस आला. नुसत्या पाण्याने न निघणारं आणि आम्लात फसफसणारं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बोअर सुटली.

सिमेंट घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना, तयार होतं. ते पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि पांढरा थर होऊन बसतं. साध्या राखाडी वस्तूवरही तो असतोच, काळ्यावर डोळ्यांत भरतो इतकंच.

मग नीट निरखून पाहिलं. थर सरसकट नव्हता. जागोजागी रुपयाएवढ्या कड्या होत्या, मध्ये काळं आणि कडेला पांढरं. क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंट ओलसर राहून पक्कं व्हावं म्हणून, ट्रेवर प्लास्टिक घट्ट ओढलेलं असायचं. थंडीत इथे नाशिकला रात्री गारठा आणि दुपारी ऊन, त्यामुळे प्लास्टिकच्या आतून घाम सुटतो, थेंब ट्रेवर पडतात, आणि थेंब वाळतो तिथे चुना गोळा होतो. कड्यांचा उगम हाच.

उपाय घरातच सापडला: द्राक्षांचा रिकामा क्रेट. तो ट्रेवर पालथा घालायचा, शेजारी ओलं गोणपाट ठेवायचं आणि क्रेटवरून प्लास्टिक उतरतं टाकायचं, म्हणजे थेंब कडेने ओघळून खाली जातात. आत दमटपणा राहतो आणि ट्रेला काहीच शिवत नाही. कड्या गायब!

मालातही बदल केला. ओपीसी 53 (साधं सिमेंट) सोडून पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) घेतलं, कारण त्यातली फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मोकळा चुना खाते. गारठ्यात ती सावकाश काम करते, म्हणून वजनाने 10 टक्के सिमेंट काढून मेटाकाओलिन (भाजलेल्या चिनी मातीची पूड, तीही चुना खाते) घातलं. त्याने ओला माल घट्ट होतो, तेव्हा प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) हवंच. पाणी वाढवायचा मोह आवरा, मी सिमेंटच्या वजनाच्या 0.35 पट पाण्याच्या वर जात नाही. रंग आयर्न ऑक्साइड, सिमेंटच्या 5 टक्के, कोरडाच चाळून. सुटी मिळते ती फरशीची काळी पूड घेऊ नका, माझी तर घासल्यावर हाताला येत होती. मेटाकाओलिन ऑनलाइन महाग पडतं आणि पिशवी फाटकी येते, पण त्याला पर्याय सापडलेला नाही. सीलरची (वरून मारायच्या संरक्षक लेपाची) घाई नको. आत ओल असताना मारला तर तोच दुधाळ होतो.

आता गंमत. जुना पांढरा ट्रे व्हिनेगरने पुसताना एक कोपरा जरा जास्तच घासला गेला. वरची सिमेंटची साय निघाली आणि खालून मालातल्या क्रश सँडचे (दगड फोडून केलेल्या वाळूचे) दाणे उघडे पडले, काळेभोर, ओले असताना चमकणारे. आपली क्रश सँड म्हणजे बेसाल्टच की! काळाराम मंदिराच्या दगडाच्या गावात मी काळा रंग विकत आणतेय! 50 नंबरच्या डायमंड पॅडने (घासायच्या चकतीने) पाणी घालत तो कोपरा आणखी उघडला, मग आणखी बारीक, 100, 200, 400. तुकडा देखणा झालाय.

त्यामुळे काळ्या रंगातला दिव्याचा स्टँड ठरला होता तो रद्द. आता रंग न घालता साधा राखाडी माल, त्यात 4 ते 6 मिलीमीटरची धुतलेली बेसाल्टची कच, आणि वरून घासाई. लिहिता लिहिताच सुचतंय, मधून पितळेची पट्टी गेली तर? भांडी बाजारात विचारते. ॲल्युमिनियमची स्वस्त पडेल, पण ओल्या सिमेंटच्या अल्कलीत तिला बुडबुडे सुटतात, तेव्हा ती बाद. पट्टी ओतताना साच्यात उभी कशी धरायची हे कोणी केलं असेल तर सांगा. मी तळाला सिलिकॉनचा ठिपका देऊन चिकटवणार आहे, पण सँडर लावला की ती कलंडेल अशी धास्ती आहे.