राखेतले खूर

बळ्ळारीहून होसपेटला निघालं की कुडतिनीजवळ रस्त्याला लागूनच एक पांढुरकं टेकाड लागतं. नवखा माणूस त्याला चुनखडीचा उंचवटा समजतो. ते शेण आहे. साधारण इ.स.पू. ३००० ते १२०० या काळात गुरं राखणाऱ्यांनी साठवलेलं आणि जाळलेलं शेण. बळ्ळारी, रायचूर, कोप्पळपासून पलीकडे तेलंगण-आंध्रापर्यंत अशी टेकाडं विखुरली आहेत. कन्नडमध्ये 'बूदिगुड्डा', म्हणजे राखेची टेकडी. भीमाने मारलेल्या हिडिंबासुराची ही राख, असं लोक सांगतात. जुन्या अभ्यासकांपैकी कुणी ज्वालामुखीवर बोट ठेवलं होतं, तर कुणी भट्टीवर. १९५७ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑलचिन यांनी तेलंगणातल्या उतनूरला उत्खनन केलं. तिथे राखेच्या थरांमध्ये गुरांच्या खुरांचे ठसे निघाले आणि वाद बराचसा मिटला.

आम्ही अभ्यासाला घेतलेलं टेकाड त्याच पट्ट्यातलं, पण लहान. व्यास अंदाजे तीस मीटर, उंची तीन. शेतकऱ्यांनी खतासाठी राख नेऊन एका बाजूला उभी कड पाडली होती, म्हणून नवा खड्डा न घेता तीच कड तासून थर वाचायचे ठरवलं. वाचवायच्या जागेला नवी जखम का करा?

छेद, म्हणजे थर दाखवणारी उभी कड, तासायचा तो वरून खाली, नेहमी धारदार ट्रॉवेलने (छोट्या थापीने). राखेला मात्र नेहमीची सवय चालत नाही. कोरडी राख वाऱ्याबरोबर डोळ्यात जाते, म्हणून मास्क आणि हाताने मारायचा फवारणी पंप लागतो. पाणी मारायचं ते धुक्यासारखं. जोरात फवारलं की राखेतला चुना पृष्ठभागावर चिकटून कवच धरतो आणि सगळे थर एकसारखे करडे दिसू लागतात. आमचा पहिला अर्धा मीटर असाच वाया गेला, पुन्हा तासावा लागला. फोटोसाठी कडेवर चादर धरून सावली केली, कारण उन्हात पांढरी राख कॅमेऱ्यात नुसती उजळते आणि बारीक रेषा पुसल्या जातात.

मग चित्र उघडलं. वर भुरभुरीत पांढरी राख. तिच्याखाली काळपट-तपकिरी पट्टा, त्यात चाऱ्याचे आडवे तंतू. पुन्हा पांढरा, पुन्हा तपकिरी. मध्ये एका ठिकाणी काचेसारखा, बुडबुड्यांनी भरलेला गोळा. लोखंड गाळण्याची धातुमळी म्हणून असले गोळे पूर्वी अनेकांना फसवून गेलेत. गवताच्या पेशींत सिलिका असते. शेणातला पोटॅशियमसारखा क्षार तिला कमी तापमानाला वितळवतो आणि ढिगाच्या पोटात धुमसत्या आगीत तिची काच होते. लोखंडाच्या मळीपेक्षा हा गोळा हातात फार हलका लागतो. हलका लागला की आधी गवत आठवावं.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर सगळंच फसफसलं. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. राखेतला चुना फसफसतो, तसे शेजारच्या मातीतले चुनखडीचे खडेही फसफसतात. शेण ओळखायचं तर स्फेर्युलाइट हवेत. हे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात तयार होणारे कॅल्साइटचे गोल कण, काही मायक्रॉन आकाराचे. चिमूटभर माती काचेवर लवंगाच्या तेलात पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाला पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या दोन काचा, एकमेकींना आडव्या लावून चारशेपट बघायचं. प्रत्येक कणावर काळी फुली दिसते. पण जास्त तापले की हे कण नाहीसे होतात. त्यामुळे लख्ख पांढऱ्या थरातून नमुना घेऊन 'शेण नाही' असं लिहिणं ही सर्रास होणारी चूक. आम्ही अर्धवट जळालेल्या तपकिरी पट्ट्यांवर भर दिला. नमुने खालून वर घेतले, म्हणजे वरची धूळ खालच्या नमुन्यात पडत नाही.

सव्वा मीटर खोलीवर तपकिरी पट्टा सरळ नव्हता. हाताच्या पंजाएवढ्या अंतराने तो खाली दबत होता आणि त्या खळग्यांत पांढरी राख भरलेली. बिळं अशी दिसत नाहीत. बिळाची कड तुटक असते, इथे तंतू न तुटता खाली वळले होते. कडेच्या वर मीटरभर लांब-रुंद पायरी आडवी उघडली, शेवटचे चार सेंटिमीटर बांबूची काडी आणि रंगाऱ्याच्या ब्रशने. राख निघाली तसे खूर उठले. जोडखूर, पुढे निमुळते, मोठे साधारण दहा सेंटिमीटर लांब, काही त्याच्या निम्मे.

गावातले एक अज्जा, सत्तरीचे, गुरं राखून झालेले, वाकून बघत होते. त्यांनी लहान ठशावर बोट धरलं. "करु." म्हणजे वासरू. मग मोठ्या ठशातल्या फाकलेल्या दोन पाकळ्या दाखवून म्हणाले, "ओला गोठा होता. कोरड्यात खूर असा फाकत नाही." नंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती ती त्यांनी विचारली, "सगळ्यांची तोंडं इकडंतिकडं कशी?" ठसे एका दिशेला जात नव्हतेच. ही वाट नव्हती, रात्रीची बसण्याची जागा होती.

ओल्या शेणावर खूर, त्यावर राख. शेण इथे बाहेरून आणून टाकलेलं नाही, गुरं इथेच उभी राहत होती. मात्र ढीग दरवेळी मुद्दाम पेटवला की कधी चुकून पेटला, हे एका पायरीवरून सांगू नये. ऑलचिन यांनी गुरं आगीतून नेण्याच्या सणांशी त्याचा धागा जोडला. दक्षिण कर्नाटकात संक्रांतीला गुरांना आगीवरून नेतात, त्यामुळे कल्पना ओढून ताणून आणलेली वाटत नाही. माझं मत विचाराल तर गोचीड आणि दुर्गंधी हीदेखील पुरेशी कारणं आहेत.

ठशांच्या साच्यासाठी प्लास्टर वापरलं नाही, त्याचं पाणी राख खातं. सत्तरेक फोटो फिरून काढले, त्यांवरून त्रिमितीय नकाशा. मग ठसे झाकायला चाळलेली रेती आणि वर गोणपाट.

संध्याकाळी ढोबळ हिशोब मांडला. एक जनावर दिवसाला दहा किलो ओलं शेण टाकतं, त्यातले आठ किलो पाणी. उरलेल्या दोनांची राख चारशे ग्रॅम. शंभर गुरं, रात्रीचंच शेण धरलं तर निम्मं, म्हणजे रोज वीस किलो, वर्षाला सात टनांवर. घनमीटरला आठशे किलो धरले तर नऊ घनमीटर. टेकाड हजारेक घनमीटरचं, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं, तीही पावसाने काही वाहून नेलं नाही असं मानून. भोवतालच्या रानातलं गवत रोज पोटात भरून एका जागी आणून ओतायचं, की असा डोंगर होतो.

अज्जांना आकडा सांगितला. ते कडेकडे बघून हसले. "आणि आम्ही नेल्या त्या ट्रॉल्या?"

त्या मी धरल्याच नव्हत्या. किती नेल्या, विचारलं.

"मोजल्या कोणी?"