चवथीची सुट्टी आणि जुनी पेटी

गोव्यात धंद्याचं जोखमीचं काम काढायला चवथीसारखा मुहूर्त नाही. कारखाने बंद, हॉटेलांचे पर्चेस मॅनेजर आपापल्या गावी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरचं फळा-पानांचं छत, बांधण्यात गुंतलेले. मेल दोन दिवस इकडेतिकडे झाली तरी कुणी विचारत नाही. म्हणून डिचोलीच्या एका काजू कारखान्याचं ईमेल जुन्या होस्टिंगवरून गूगल वर्कस्पेसवर, म्हणजे कंपन्यांसाठीच्या पैसे भरून घ्यायच्या जीमेलवर, हलवायचं ठरलं, तेव्हा तारीख मीच सुचवली: शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४. दुसऱ्या दिवशी गणपती. पेडण्याच्या घरची माटोळी त्या वर्षी धाकट्या भावाने एकट्याने बांधली, आणि ते अजून ऐकवतो.

हलवायचं कारण म्हणजे स्पॅम. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले होते. मेल खरंच आपल्याकडूनच गेली हे पटवणाऱ्या खुणा म्हणजे एसपीएफ आणि डीकेआयएम. कारखान्याच्या डोमेनला ना धड हे, ना ते. वर सर्व्हर शेकडो जणांत वाटलेला. त्यातल्या कुणी कचरा पाठवला की बदनामी सगळ्यांची. हॉटेलवाले म्हणायचे, ‘शेट, तुमचं बिल आलंच नाही.’ पैसे लांबवायची ही जुनीच सबब, पण या वेळी ती खरी निघाली.

शेटना पटेना ते एकच, माणसामागे दरमहा पैसे. ‘आजवर होस्टिंगमध्ये पाहिजे तेवढी खाती फुकट होती रे!’ पाहिजे तेवढी म्हणजे १४. त्यातली दोन नोकरी सोडून गेलेल्यांची, एक पोर्तुगालला गेलेल्या पुतण्याचं, आणि ‘इन्फो’ नावाचं एक, ज्याचा पासवर्ड कारखान्याचं नाव आणि पुढे १२३. ते तिघांच्या फोनवर चालू होतं. शेवटी पाच खरी खाती घेतली. ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘ऑर्डर्स’ हे ग्रुप केले, त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. शेट म्हणाले, ‘मग ठीक.’

खरं काम ताईंच्या टेबलावर होतं. ताई हिशेब बघतात, पण कारखान्याची सगळी आठवण म्हणजे त्याच. त्यांची मेल पॉपने उतरायची, म्हणजे सर्व्हरवर १४ दिवसांपुरती प्रत आणि बाकी सगळं त्यांच्या एकाच कॉम्प्युटरवर, आउटलुकच्या २२ जीबीच्या एका पीएसटी फाइलमध्ये. बॅकअप नाही. खिडकीपाशी पत्र्यातून पाणी गळायचं आणि कॉम्प्युटरवर प्लास्टिकची पिशवी उलटी घातलेली. माझ्या पोटात गोळा आला. सगळ्यात आधी ती फाइल दोन डिस्कवर उतरवली.

आत मात्र बघण्यासारखी व्यवस्था होती. पार्टीवार फोल्डर, त्यात मालवार: डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, पाकळी, तुकडा. हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो. आकडा जितका लहान, गर तितका मोठा आणि महाग. ताईंनी मला विचारलं, ‘हे असंच्या असं येणार ना?’ मी सहज हो म्हटलं.

डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर टाकायची ते सांगते ती एमएक्स नोंद, आणि जगाने ती किती वेळ लक्षात ठेवायची तो टीटीएल. दोन दिवस आधी हा टीटीएल १४,४०० सेकंदांवरून ३०० वर आणून ठेवला होता. नाहीतर पत्ता बदलल्यावरही जग चार-चार तास जुन्याच दारात मेल टाकत बसतं. शुक्रवारी संध्याकाळी एमएक्स बदलला. अर्ध्या तासात नवीन मेल नव्या घरी पडायला लागली. एवढं सुरळीत झालं की मी शेटना फोन करून नेवऱ्यांची, म्हणजे चवथीच्या करंज्यांची, आगाऊ मागणी नोंदवली. मग ताईंची फाइल चढवायला लावली आणि वीज गेली. आली, गेली. पावसाचे दिवस आणि ब्रॉडबँडचा चढता वेग बेताचा. त्यात दीड दिवस गेला.

सोमवारी ताई आल्या आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. हलवायच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येक फोल्डरमधल्या मेलचा आकडा लिहून ठेवला होता. मला सांगितलंही नव्हतं.

‘म्हापशाच्या या पार्टीच्या १,१४६ होत्या. इथं ७०२ दिसतात. बाकीच्या कुठं गेल्या रे?’

मला घाम फुटला. आयात करणाऱ्या प्रोग्रामची नोंद तपासली, तर चुका नाहीत. पाच मिनिटांनी डोक्यात उजेड पडला. जीमेल एका विषयावरची सगळी मेल एकत्र बांधून एकच संभाषण मोजतं. सेटिंगमधून ते बांधणं बंद केलं, आकडा १,१४३ वर आला.

‘तीन?’

तीन मेल त्यांनी दोनदा कॉपी करून ठेवलेल्या निघाल्या. गूगलने तेच पत्र दुसऱ्यांदा घेतलं नव्हतं. ताईंनी वहीत प्रत्येकीपुढे टिक केली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आयटीतल्या पदवीधरांनी मला अशी तपासणी कधी मागितलेली नाही.

पुढे किरकोळ तक्रारी आल्या. जुना स्कॅनर नव्या सर्व्हरशी बोलेना, तो बदलला. ताईंचा फोन बटणांचा, त्यांना दुसऱ्या टप्प्याच्या ओळखीसाठी सिक्युरिटी की घेऊन दिली, ती त्यांनी तिजोरीच्या चाव्यांत अडकवली. बिल लावलं, पैसे आले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन. ‘वेबसाइटवरून चौकशी येते ना, ती चवथीपासून एकही नाही.’

मी म्हटलं, ‘ताई, मंदी असेल.’

‘दिवाळी तोंडावर आलीय. कंपन्यांच्या गिफ्ट बॉक्सची विचारणा सप्टेंबरातच सुरू होते. वीस वर्षं बघतेय मी.’

मी माझ्या फोनवरून ‘इन्फो’ला मेल टाकली. पोचली. ‘बघा, चालू आहे,’ म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘तू मेल टाकलीस. मी फॉर्मचं विचारतेय.’

वेबसाइट आम्ही हलवलीच नव्हती, ती जुन्याच सर्व्हरवर होती. म्हणून ती माझ्या यादीतच नव्हती. आणि घोळ तिथेच झाला होता. वाड्यातली बिऱ्हाडं नव्या जागी गेली, टपालवाल्याला नवा पत्ता कळला. पण वाड्यातल्याच राखणदाराने लिहिलेली चिठ्ठी टपालात पडतच नाही. तो ती जुन्या कोनाड्यात ठेवून मोकळा होतो. फॉर्मचं तेच होत होतं. तो मेल त्याच मशिनच्या मेल प्रोग्रामकडे द्यायचा. त्या प्रोग्रामच्या लेखी हे डोमेन अजून आपलंच. तो बाहेर एमएक्स विचारायलाही जायचा नाही, थेट जुन्या पेटीत टाकायचा. चूक दिसणार तरी कशी? सर्व्हरच्या हिशेबी प्रत्येक मेल यशस्वीपणे पोचली होती. कंट्रोल पॅनेलमधल्या ईमेल राउटिंगमध्ये ‘लोकल’च्या जागी ‘रिमोट’ केलं, बस. एका गोलावर क्लिक करायचं राहिलं होतं, आणि ते राहिलं होतं माझ्याकडून.

जुनी पेटी उघडली. ४३ चौकशा. मी त्या घेऊन त्याच दुपारी डिचोलीला गेलो, फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. शेटनी यादी वरून खाली पाहिली आणि विचारलं, ‘मेल खंय वता रे?’ आता कुठे जाते ते मी समजावलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, काही बोलले नाहीत, उठून गोदामात गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ताईंनी ४३ कागद छापून काढले, तारखेप्रमाणे लावले आणि पहिल्यापासून फोन करायला बसल्या. काहींनी दुसरीकडून माल उचलला होता. पुण्याच्या एका कंपनीने डब्ल्यू २४० चे दोनशे डबे मागितले होते, तारीख १२ सप्टेंबर. ते गेलेच. किती जमले हे मी विचारलं नाही. ताईंनीही सांगितलं नाही.

त्या दिवशी मी फॉर्मही नीट केला. तो पाठवणारा म्हणून चौकशी करणाऱ्याचाच पत्ता लावत होता, म्हणजे जगाच्या दृष्टीने खोटी सही. मेल कारखान्याच्या पत्त्यावरून जाईल आणि उत्तर मात्र गिऱ्हाइकाला पडेल असं केलं, आणि गूगलमार्फतच पाठवायला लावलं.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ताई वेबसाइटवर जाऊन स्वतः फॉर्म भरतात. ग्रुपमध्ये मी माझाही पत्ता घातला आहे, त्यामुळे ती मेल मलाही येते. नावाच्या जागी ‘गिऱ्हाईक’, आणि खाली एकच ओळ: ‘काजू आहेत का?’ गेल्या महिन्यात एका सोमवारी दहा वाजले तरी मेल नाही. मी एमएक्स बघितला, राउटिंग बघितलं, स्वतः फॉर्म भरला, सगळं जागच्या जागी. शेवटी ताईंना फोन लावला. मागे पोरांचा कल्ला, भांड्यांचे आवाज.

‘अरे, आज नातवाचं बारसं,’ त्या म्हणाल्या. ‘तू भरलास ना? मग झालं तर.’