पाणी जोखताना

आमच्या घरातल्या वजनकाट्यावर उभे राहिले, की तो वजनाखालोखाल शरीरातल्या पाण्याची टक्केवारीही दाखवतो, आणि तीही दशांशासकट. परवा कोरड्या पायांनी उभा राहिलो तेव्हा ५४.३ हा आकडा आला. अंघोळीहून ओल्या तळव्यांनी येऊन पुन्हा उभा राहिलो, तर तो दीड टक्क्याने वाढलेला. माझ्या वजनाच्या हिशेबाने हे साधारण लिटरभर पाणी झाले, आणि मधल्या वेळात मी घोटभरही प्यायलो नव्हतो. एखाद्याचे पाणी जोखणे हा वाक्प्रचार आपण त्याची धमक आजमावण्याविषयी वापरतो. तो शब्दशः घेतला तर काम किती जिकिरीचे होते, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे.

मुळात काटा पाणी मोजतच नाही. तो एका तळव्यातून दुसऱ्या तळव्याकडे अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडतो आणि वाटेत त्याला किती रोध झाला, एवढेच पाहतो. स्नायूंमध्ये क्षारयुक्त पाणी भरपूर असल्यामुळे प्रवाह तेथून सहज जातो, चरबीत मात्र तो अडखळतो. हा प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्या पायाने उतरत असल्याने छाती आणि हात यांच्याशी त्याची फारशी गाठ पडत नाही. तिथल्या पाण्याचा काटा वय आणि उंची पाहून तर्क करतो. असा तर्क करायला काटाही लागत नाही. १९८० साली वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्राप्रमाणे पन्नाशीच्या, १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि ७० किलो वजनाच्या पुरुषात सुमारे साडेएकोणचाळीस लिटर पाणी निघते. स्त्रियांसाठीच्या सूत्रात फक्त उंची आणि वजन आहे. वय विचारलेले नाही.

माणसात सत्तर टक्के पाणी असते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. खरे तर इतके पाणी तान्ह्या बाळातच सापडते. त्याच्यात ते पंचाहत्तरच्या आसपास असते. प्रौढ पुरुषात साधारण साठ आणि स्त्रीत पन्नास ते पंचावन्न टक्के धरतात. स्नायूंचा तीन चतुर्थांश भाग पाण्याचा, तर चरबीचा फार तर पाचवा हिस्सा. त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोन माणसांत कित्येक लिटरांचा फरक पडू शकतो.

मग खरे मोजमाप कसे करायचे? भरलेला हौद उपसता येत नसेल, तर त्यात दहा ग्रॅम मीठ विरघळवावे आणि पेलाभर पाणी काढून तपासावे. लिटरमागे अर्धा ग्रॅम मीठ आढळले, तर हौदात वीस लिटर पाणी आहे. मला ही युक्ती फार आवडते, कारण किती आहे हे कळण्यासाठी तिच्यात काही काढण्याऐवजी थोडी भर घालावी लागते. शरीरासाठी मिठाऐवजी जड पाणी वापरतात. त्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड, म्हणजे ड्युटेरियम असतो. मोजून दिलेला घोट तीन-चार तासांत सर्वत्र मिसळला, की लाळेचा नमुना पुरतो. अर्थात येथेही थोडी गळती आहेच: काही ड्युटेरियम प्रथिनांमधल्या हायड्रोजनशी जागा बदलून बसते, आणि उत्तर सुमारे चार टक्क्यांनी फुगते. ती वजावट मागाहून करावी लागते.

ड्युटेरियमचा शोध १९३१ सालचा. तीनच वर्षांनी जॉर्ज दे हेवेशी आणि एरिख होफर यांनी जड पाणी माणसाला पाजून, ते लघवीतून किती वेगाने बाहेर पडते हे पाहिले. शरीरातले निम्मे पाणी नऊ-दहा दिवसांत बदलून जाते, असे त्यातून दिसले. परवा काट्याने ज्या पाण्याची टक्केवारी मला दशांशासकट सांगितली, त्यातले थोडेसे एव्हाना निघूनही गेले असणार. आज मी तळवे नीट पुसून उभा राहिलो, तर आकडा पुन्हा ५४.३.