‘इथं सही करा’ : आमच्या फर्मची वाटचाल

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं मराठी शिकवत होते. २००९ च्या जूनमध्ये त्यांना एका खासगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं तेव्हा काउंटरवरच्या मुलानं चार पानांचा इंग्रजी फॉर्म पुढं सरकवला, तीन ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या मारल्या आणि म्हणाला, काका इथं सही करा, इथं आणि इथं. मी शेजारीच उभी होते, वकिलीची सनद घेऊन पाच वर्षं झाली होती, आणि मीसुद्धा तो फॉर्म वाचला नाही. अप्पा घरी आले आणि आठ-दहा दिवसांत फोन सुरू झाले, साखर मोजायचं मशीन घ्या, पायांसाठी खास चपला घ्या, पॉलिसी घ्या. त्यांना डायबिटीस आहे हे तोवर आमच्या गल्लीतसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. अप्पांनी मला विचारलं, त्या कागदावर काय लिहिलं होतं गं? मला सांगता आलं नाही. फर्म कशी सुरू झाली असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

तोपर्यंत मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात एका सिनिअर सरांकडे ज्युनिअर होते. वाटपाचे दावे, भाडेकरूंचे दावे, तारखा घेणं, नकला काढणं. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू होता पण आमच्या बार रूममध्ये कुणाच्या टेबलावर तो कधी दिसला नाही. अप्पांच्या प्रकारानंतर मी तो पहिल्यांदा नीट बसून वाचला आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला त्यातली मोठी दुरुस्ती लागू झाली, ४३अ कलम आलं, म्हणजे एखाद्या कंपनीनं लोकांची नाजूक माहिती सांभाळण्यात हयगय केली आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागणार. त्यातही हा दावा नेहमीच्या दिवाणी कोर्टात नाही, पाच कोटींपर्यंतचा असेल तर राज्याच्या आयटी खात्याच्या सचिवांपुढं, म्हणजे मंत्रालयात. अप्पांचं ॲडमिशन दुरुस्तीच्या आधीचं, शिवाय नुकसान पैशात दाखवायचं कसं, त्यामुळं त्यांची केस काही उभी राहिली नाही. पण मला माझं काम सापडलं.

२०१० च्या दिवाळीत मी आणि कॉलेजची मैत्रीण, दोघींनी मिळून कोर्टापासून चालत जाता येईल अशी दहा बाय बाराची खोली भाड्यानं घेतली. पहिलं दीड वर्ष भाडं निघालं ते लीव्ह अँड लायसन्सच्या ॲग्रीमेंटवर. मग एप्रिल २०११ मध्ये ४३अ खालचे नियम आले आणि हिंजवडीतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना परदेशी क्लायंट विचारायला लागले की तुमची प्रायव्हसी पॉलिसी कुठंय, तेव्हा ती मुलं शोधत शोधत आमच्याकडे यायची. आमची चूल त्या कामावर पेटली आणि अजूनही पेटते, त्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते पेन ड्राईव्हबद्दल. मार्केट यार्डातले एक आडते आले, गोडाऊनमधली चोरी सीसीटीव्हीत स्वच्छ दिसत होती. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पेन ड्राईव्ह. म्हणाले, मॅडम पुरावा एकदम पक्का आहे, चेहरासुद्धा दिसतोय. मी विचारलं मूळ रेकॉर्डिंगचं मशीन कुठंय, तर ते भंगारात दिलेलं आणि कॅमेरेवाल्यानं कॉपी करून दिली तो दुकान बंद करून गावाला गेलेला. पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाप्रमाणे अशा कॉपीसोबत ती खरी असल्याचं सर्टिफिकेट लागायचं, ते आता देणार कोण? त्या माणसाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. पुढं १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं याच प्रश्नावर मोठा निकाल दिला तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीतला, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की तीननंतर, हे दाखवणारं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं पण सर्टिफिकेट मागूनही मिळत नव्हतं. कोर्ट म्हणालं सर्टिफिकेट लागणारच, मात्र पक्षकारानं सगळे प्रयत्न करूनही समोरचा देत नसेल तर त्या पक्षकाराला त्यातून सूट. आता १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गेलंय. आम्ही दुकानदारांना एकच सांगतो, काही घडलं तर आधी मशीन जपा, कॉपीचं नंतर बघू.

मराठीत लिहायला लागले २०१२ च्या नोव्हेंबरनंतर. पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीनं लिहिलं होतं आणि दुसरीनं फक्त लाईक केलं होतं. माझ्याकडे कॉलेजच्या पोरांचे आईवडील घाबरून यायचे आणि विचारायचे लाईक करणं गुन्हा आहे का. मी आयटी कायद्यातल्या ६६अ वर, म्हणजे ऑनलाईन आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणाऱ्या कलमावर, दोन पानी लेख लिहिला, झेरॉक्स काढून वाटला, मग एका दैनिकाच्या रविवार पुरवणीनं सदर दिलं ते चार वर्षं चाललं. २४ मार्च २०१५ ला ६६अ रद्द झालं त्या दिवशी ऑफिसात पेढे आणले होते.

पण माझ्यासाठी खरा मोठा दिवस २४ ऑगस्ट २०१७. पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायमूर्ती, एकमत, खासगीपण हा मूलभूत हक्क. हायकोर्टाचे रिटायर्ड न्यायाधीश असलेले पुट्टस्वामी उतारवयात स्वतः याचिका घेऊन उभे राहिले याचं मला फार अप्रूप. आणि त्यातलं एक पान मी लेक्चरमध्ये नेहमी वाचून दाखवते. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं ठरवणाऱ्या १९७६ च्या एडीएम जबलपूर निकालात बहुमताच्या बाजूनं यशवंत चंद्रचूड होते, पुण्यात जन्मलेले, इथल्याच आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले, आणि एक्केचाळीस वर्षांनी त्यांच्या मुलानं, धनंजय चंद्रचूडांनी, तो निकाल गंभीर चुकीचा होता असं लिहून बाजूला सारला. मुलं ऐकताना एकदम शांत होतात.

सदरातले लेख निवडून आम्ही चौसष्ट पानांची पुस्तिका स्वखर्चानं छापली. ती हातात घेऊन शनिवारी फिरायचं, हे आमचं सेवेचं काम. शनिवारी ऑफिसात अशील घेत नाही, दोघींपैकी एक तरी ज्येष्ठ नागरिक संघात, शाळेत नाहीतर भोर-वेल्ह्याकडच्या बचत गटात असते. फी नाही, प्रवासखर्चही नाही. सुरुवातीला ओटीपी समजावून सांगायचो, आता सगळे प्रश्न डिजिटल अरेस्टचे, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलिसाचं सोंग घेऊन ‘तुम्हाला अटक झालीय’ असं घाबरवून पैसे काढणाऱ्या भामट्यांचे. एका रिटायर्ड बाईंना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर घरात बसवून ठेवलं होतं, शेजारणीनं दूध देताना डोळे बघून ओळखलं म्हणून वाचल्या. असा अरेस्ट कायद्यात कुठंच नाही, हे वाक्य मी प्रत्येक ठिकाणी तीनदा म्हणून घेते. पैसे गेलेच तर नातवाची वाट न बघता त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० लावायचा. आणि ग्राहकाची स्वतःची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर तोटा ग्राहकावर टाकता येत नाही, हा नियम रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं आणला, त्याची प्रत आम्ही सोबत नेतो कारण काउंटरवर ती दाखवली की बोलायचा सूर बदलतो.

आता नवा डेटा संरक्षण कायदा. ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना आणखी अठरा महिन्यांची मुदत. दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे पण तो सरकारजमा होतो, ज्याची माहिती फुटली त्या माणसाच्या हातात काही पडत नाही, उलट भरपाई देणारं ४३अ काढून टाकायची तरतूद याच कायद्यात आहे. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि मी ते प्रत्येक व्यासपीठावर बोलते. मात्र एक गोष्ट या कायद्यानं फार मोलाची केली. संमती साध्या सोप्या भाषेत मागायची, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यायचा. त्या बावीसांत मराठी आहे.

त्यामुळं गेली दोन वर्षं आमचं निम्मं काम मराठी सूचना लिहिण्याचं आहे. भाषांतर करून चालत नाही हे पहिल्याच मसुद्याला कळलं. आम्ही लिहिलं होतं, ‘आपली वैयक्तिक माहिती सेवापुरवठ्याच्या प्रयोजनार्थ त्रयस्थ पक्षास हस्तांतरित करण्यात येईल’. ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशी सातवी शिकल्यात, त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, म्हणजे माझा नंबर कुणाला देणार ते सांगा की. मग लिहिलं, ‘तुमचा फोन नंबर आणि पत्ता आम्ही फक्त कुरिअरवाल्याला देतो. आणखी कुणाला देत नाही. नको असेल तर कधीही सांगा, आम्ही थांबवू.’ तेव्हापासून प्रत्येक मसुदा मावशींना ऐकवायचा, त्यांनी प्रश्न विचारला की ते वाक्य परत लिहायचं, मग अप्पांकडे बार्शीला पाठवायचा. ते लाल पेननं तपासतात, पूर्वी वह्या तपासायचे तसे.

मागच्या महिन्यात एका हॉस्पिटलचा ॲडमिशनचा फॉर्म आमच्याकडे आला, मराठीत करून द्या म्हणून. चार पानांचं दीड पान झालं. कुठली माहिती घेतो, कशाला घेतो, कोण बघणार, नाही म्हणायचं असेल तर कुणाशी बोलायचं, एवढंच, आणि सहीची जागा तीनऐवजी एक, तीही सगळ्यात शेवटी. अप्पांनी तो तीन दिवस ठेवून घेतला. परत आला तेव्हा दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलेलं होतं आणि सहीच्या चौकटीच्या वर लाल शाईत एक ओळ वाढवलेली होती, ‘वाचून झालं का? नसेल तर आम्ही वाचून दाखवू.’ हॉस्पिटलला विचारलं, त्यांनी ती ओळ ठेवलीय, आता काउंटरवर वाचून दाखवायला कोण बसणार ते ठरतंय.