दोन गोळ्या उरलेली पट्टी

सोमवारची ओपीडी नुकती सुरू झाली होती. उजव्या ओटीपोटावर मूठ दाबून सत्तावीस वर्षांची ती वाकूनच आत आली, सोबत सासूबाई. रात्री एकच्या सुमारास अचानक कळ उठली, तेव्हापासून चार उलट्या. ताप नाही, लघवीला जळजळ नाही. कळ मध्येच थांबायची आणि पुन्हा उसळायची. पाळीचा सहावा दिवस. "गोळ्या चालू आहेत, मॅडम," म्हणत तिने पर्समधून पट्टी काढली. क्लोमिफीन, म्हणजे अंडं तयार व्हावं म्हणून देतात ती गोळी, ५० मिलिग्रॅमची; पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दोन, पाच दिवस. दहातल्या दोन उरल्या होत्या, त्या दिवशीच्या.

चिठ्ठी मात्र मागच्या महिन्याची. त्या महिन्यात सोनोग्राफी एकदाच झाली होती, बाराव्या दिवशी: उजवीकडे १९ आणि १७ मिमीची दोन फॉलिकल, म्हणजे अंडं वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या. लगेच एचसीजीचं ५००० युनिटचं, सगळ्या बायका ज्याला 'अंडं फुटायचं' म्हणतात ते इंजेक्शन. अंडं फुटलं का, हे कुणी पुन्हा पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी पाळी आली, तशी तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून नवी पट्टी आणली. एका सोनोग्राफीसाठी पन्नास किलोमीटर कशाला, असं घरात ठरलं. यात तिची चूक मला दिसत नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी कशासाठी असते, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

क्लोमिफीनमुळे मेंदूला इस्ट्रोजेन कमी पडल्यासारखं वाटतं, एफएसएच हे फॉलिकल वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि फॉलिकल रोज साधारण दोन मिमीने वाढू लागतं. १८ ते २४ मिमीच्या दरम्यान ते फुटायला हवं. कधी फुटतच नाही आणि पाणी साठत जातं. कधी फुटतं, पण मागे उरलेल्या पिशवीत, म्हणजे कॉर्पस ल्युटियममध्ये, रक्त साठतं. अशा बहुतेक गाठी एकदोन पाळ्यांत आपोआप विरतात, त्यांना औषधही लागत नाही. पण गाठ तशीच असताना पुढची मात्रा गेली, तर आधीच मोठं झालेलं अंडाशय आणखी फुगतं. म्हणून अंडाशय पूर्वीच्या आकारावर येईपर्यंत पुढची गोळी द्यायची नसते. औषधाच्या माहितीपत्रकातच ही सूचना असते. शिवाय क्लोमिफीन शरीरात रेंगाळतं. याच कामासाठीची दुसरी गोळी, लेट्रोझोल, साधारण दोन दिवसांत निम्मं उतरतं, क्लोमिफीनला पाच दिवस किंवा त्याहून जास्त लागतात.

"हिला पीसीओडी आहे, पाण्याच्या गाठी आधीपासूनच आहेत की," सासूबाई म्हणाल्या. हा घोळ रोजचा आहे. पीसीओडीतल्या 'गाठी' म्हणजे वाढ अर्धवट थांबलेली २ ते ९ मिमीची फॉलिकल. त्यांच्यासाठी तर गोळी देतात. गोळी थांबवायची ती या दुसऱ्या, एकट्या मोठ्या गाठीसाठी.

आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली, कारण नळीतल्या गर्भातही पाळीसारखं रक्त जातं. निगेटिव्ह. सोनोग्राफीत डावं अंडाशय नेहमीसारखं तीन सेंटिमीटरचं. उजवं नऊ सेंटिमीटरचं, जागा सोडून गर्भाशयाच्या वर मधोमध आलेलं. त्यात ६२ बाय ५४ मिमीची गाठ आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, म्हणजे जुनं रक्त. डॉप्लर लावला तर रक्तपुरवठा दिसत होता. फसायला होतं ते इथेच. अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळतं आणि पीळ बसला, म्हणजे जड झालेलं अंडाशय रक्तवाहिन्यांच्या देठाभोवती फिरलं, की आधी पातळ भिंतींच्या शिरा दबतात, धमन्या बराच वेळ चालू राहतात. डॉप्लर ठीक आहे म्हणून पीळ नाही, असं म्हणता येत नाही. प्रोब हळूहळू देठावरून सरकवला, तेव्हा चकलीच्या वेढ्यांसारखी वर्तुळं एकात एक फिरताना दिसली, म्हणजे पीळच.

दुपारी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. देठाला दोन पूर्ण पीळ, अंडाशय पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं. पूर्वी असा रंग दिसला की अंडाशय काढून टाकत. रंगावर विश्वास ठेवू नये. काळंनिळं दिसणारं अंडाशयही पीळ सोडवल्यावर बहुतेक वेळा सावरतं, आणि मूल हवं असलेल्या बाईचं तर ते राखायलाच हवं. पीळ उलगडून दहा मिनिटं नुसती वाट पाहिली. कडा किंचित गुलाबी झाल्या. गाठ उघडून सुमारे ८० मिली काळसर रक्त काढलं, भिंतीचा तुकडा तपासणीला पाठवला. त्यात काळजीचं काही निघालं नाही.

सहा आठवड्यांनी उजवं अंडाशय साडेतीन सेंटिमीटरवर आलं होतं, आत पाच-सहा बारीक फॉलिकल. दोन पाळ्या गोळी न देता जाऊ दिल्या. पुढे लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम ठरवलं, कारण त्यात बहुधा एकच फॉलिकल वाढतं. दोघींना बसवून सांगितलं की एका बाजूला अचानक कळ आणि सोबत उलटी असेल, तर गावात दुखण्याचं इंजेक्शन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. "रात्री दोन वाजताही या. तासांवर अंडाशय जातं."

तिसऱ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी दोघी पहिल्या एसटीने आल्या. दोन्ही अंडाशयांत १० मिमीपेक्षा मोठं काही नव्हतं. मग चिठ्ठी लिहिली, आणि वर तारीख घालून खाली ठळक अक्षरांत: फक्त या पाळीसाठी.