तिसऱ्या माळ्यापर्यंत पोचणारा गळा

आमच्या परळच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत पाककला, संगीत खुर्ची, वेशभूषा असं सगळं व्हायचं. खरी गर्दी मात्र गाण्याच्या रात्री. पाहुणे गायक बोलवावेत इतकी वर्गणी कधी जमलीच नाही, म्हणून गाणारे आमचेच. कुणी गिरणीतला, कुणी बेस्टमधला, कुणी पोस्टातला. पटांगणात बाकडी जोडून केलेलं स्टेज, वर सतरंजी, खांबाला बांधलेला कर्णा. कर्ण्यानं शिट्टी मारली की सगळे साऊंडवाल्याच्या नावानं शिमगा करायचे.

टाळ्या खाली पडायच्या, पण निकाल लागायचा तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीत. तिथे कठड्याला रेलून डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यांत, रात्री जागवलेले आमचे म्हातारे बुवा बसलेले असत. एखादा पोरगा घसा फोडफोडून गायला की वरून विचारणा व्हायची, "आवाज इलो रे, पण शबुद खंय गेले?" पोरगा बिचारा पुढच्या वर्षी पाककलेत दिसायचा.

प्रल्हाद शिंद्यांचं गाणं नाही असं वर्ष मला आठवत नाही. कव्वालीच्या मुकाबल्यांत तयार झालेला तो गळा. ढोलकी, टाळ, कोरस सगळं मागे असताना त्या सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा, आणि त्यासाठी ओरडायचा नाही. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ नीट ऐका. पट्टी वर जाते तरी आवाज चोरटा होत नाही, छातीतूनच येतो, आणि एकही अक्षर गिळलं जात नाही. हे गाणं सोपं वाटतं म्हणून सगळेच म्हणायला जातात. मग दुसऱ्या कडव्यात कळतं.

आमच्याकडे ते पेलायचे फक्त वायरमनकाका. गाण्याआधी ढोलकीवाल्याशी त्यांची हुज्जत ठरलेली. तो हातोडीनं ठोकून पान चढवायचा, हे कान लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून थोडी." उंच जागा जवळ आली की काका माईकपासून वीतभर मागे सरकायचे. बाकीचे अशा वेळी माईक खायला निघाल्यासारखे पुढे झुकत. काका मागे सरकले तरी आवाज कमी व्हायचा नाही, उलट कर्णा फाटणं थांबायचं आणि शब्द स्वच्छ वर जायचे. बुवा नुसती मान हलवायचे. एवढी दाद पुरे होती.

आणि शिंद्यांचा आवाज काही गणपतीपुरता नव्हता. 14 एप्रिलला शेजारच्या वस्तीत तोच भीमगीतं गात असायचा. पंढरीचा विठ्ठल आणि बाबासाहेब, दोघांच्या मंडपात त्याच मोकळेपणानं शिरणारे आवाज मराठीत फार नाहीत. विठ्ठल उमपांचा एक घेता येईल.

लावणी तळमजल्यावरची मावशी म्हणायची. सुलोचना चव्हाण डोक्यावरून पदर घेऊन गायच्या, म्हणून हीसुद्धा पदर घ्यायची. हातवारे नाहीत, मुरका नाही, जे काय ते आवाजात. पहिल्यांदा समितीतल्या काही जणांनी नाकं मुरडली होती. मावशीनं एका ठसक्यात ओळ टाकली आणि विषय संपला. सुलोचनाबाईंना 2022 साली पद्मश्री मिळाली तेव्हा चाळीत पेढे हिनंच वाटले.

शेवट कायम राजा बढ्यांच्या शब्दांतला, खळ्यांच्या चालीतला आणि शाहीर साबळ्यांच्या गळ्यातला ‘जय जय महाराष्ट्र माझा’. 2023 साली ते राज्यगीत झालं. आमच्याकडे त्याला उभं राहायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. साबळ्यांची पट्टी गाठताना पोरांचे आवाज चिरकायचे, पण तिथे बुवाही हिशेब मागत नसत.

आता दहाच्या आत माईक बंद करावा लागतो आणि ढोलकीच्या जागी मोबाईलवरचा ट्रॅक आलाय. ट्रॅक इतका मोठा लावतात की गळा कुणाचाही असो, काही फरक पडत नाही. यंदा वायरमनकाकांच्या नातीनं शिंद्यांचा नातू आदर्श याचं गाणं घेतलं होतं, ‘दुनियादारी’मधलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’. धृपद झाल्यावर तिनं साऊंडवाल्याकडे बघून हात खाली केला आणि ट्रॅक उतरवायला लावला. मग गायली. दहाला पाच कमी होते, वन्स मोअर देता आला नाही. पुढच्या वर्षी तिला आठ वाजताच उभी करायची, असं समितीनं ठरवलंय.