आईचे गुडघे, इस्तंबूल आणि हिशेबाची वही

आई 30 वर्षं शाळेत इतिहास शिकवत होती. 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकलं, युरोपचा भारताकडे येणारा खुष्कीचा मार्ग अडला आणि मग समुद्रमार्गाचा शोध सुरू झाला, हे वाक्य तिने किती वर्गांना सांगितलं असेल याची गणती नाही. निवृत्तीनंतर एकदा म्हणाली, "पोरांना सांगून सांगून तोंड दुखलं, ते शहर एकदा बघू दे." गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघी गेलो. तिचं वय 68, दोन्ही गुडघे झिजलेले, खाणं शाकाहारी. इंग्रजी वाचते, पण बोलायचं म्हटलं की गप्प होते.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ व्हिसाने खाल्ला. माझ्या पासपोर्टवर शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित) चालू व्हिसा होता, त्यामुळे माझा ई-व्हिसा घरबसल्या झाला. आईकडे तसा कुठलाच व्हिसा नव्हता, म्हणून तिला रीतसर स्टिकर व्हिसा, म्हणजे पासपोर्टवर चिकटवतात तो, काढावा लागला. पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, विमा, हॉटेलचं बुकिंग, सगळं नेलं, आणि एका कागदावर बँकेचा शिक्का नाही म्हणून फाइल परत आली. आई-वडिलांना नेणार असाल तर हे काम आधी हातात घ्या, तिकिटं नंतर काढा.

हॉटेल मुद्दाम सुलतानअहमद भागात, ट्रामच्या थांब्याजवळ घेतलं. इस्तंबूल टेकड्यांवर वसलेलं आहे आणि जुन्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या. नकाशात पाच मिनिटांवर दिसणारी जागा प्रत्यक्षात एक सरळ चढ असते. टी-1 ही ट्राम मात्र आम्हाला देवासारखी पावली. मशीनमधून इस्तंबूलकार्ड घ्यायचं, पैसे भरायचे आणि फाटकाला टेकवायचं. एकच कार्ड दोघींसाठी दोनदा टेकवलं तरी चालतं. टॅक्सी आम्ही एकदाच केली, आईचा गुडघा फार ठणकत होता म्हणून. चालकाने एकच मशीद आम्हाला दोन बाजूंनी दाखवली आणि मीटर फुगवला. त्या रात्री आईला फार वाईट वाटलं. पैशांपेक्षा, "आपण परके म्हणून असं केलं" याचं.

दुसऱ्या दिवशी आयासोफिया, चर्च म्हणून बांधलेली आणि आता मशीद असलेली जुनी वास्तू. 2024 च्या जानेवारीपासून परदेशी पर्यटकांना खालच्या मुख्य दालनात सोडत नाहीत, ते नमाजासाठी राखलेलं आहे. 25 युरोंचं तिकीट काढून वरच्या सज्जात जायचं. हे वाचल्यापासून माझ्या पोटात गोळा होता, वर म्हणजे पायऱ्या. पण तिथे वर न्यायला एक दगडी उतार आहे, वळणावळणाने चढत जाणारा, मंद उजेडाचा. दगड इतक्या पावलांनी झिजले आहेत की गुळगुळीत होऊन चमकतात. आई भिंतीला हात लावून एकेक वळण चढली. प्रत्येक वळणाला थांबत होती. मागून येणारी माणसंही थांबली, कुणी घाई केली नाही.

वर पोचल्यावर ती कठड्याला टेकली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. तो घुमट 31 मीटर रुंद आहे. त्याच्या पायथ्याशी ओळीने 40 खिडक्या आहेत, त्यामुळे खाली उजेडाचं कडं दिसतं आणि घुमट कशावरच टेकलेला वाटत नाही. सम्राट जस्टिनियनने 532 मध्ये काम सुरू केलं आणि 537 मध्ये ते पुरं झालं. पाच वर्षांत! आईने बोटांवर मोजून पुन्हा विचारलं, "पाचच?" चर्च, मग 1453 नंतर मशीद, 1935 पासून संग्रहालय, 2020 पासून परत मशीद. खाली निळसर हिरव्या गालिच्यावर लोक बसले होते. वर सज्जात येशूचं मोझाइक, म्हणजे रंगीत तुकडे बसवून केलेलं चित्र, होतं, खालचा निम्मा भाग झडून गेलेला, पण चेहरा शाबूत. आई त्या चेहऱ्यासमोर हात जोडून उभी राहिली. जवळच संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंगाने, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दीने, त्यांच्या जुन्या रुनी लिपीत कोरलेलं नाव आहे, त्यातलं हाल्फदान एवढंच वाचता येतं.

भाषेचं कोडं सुटलं ते जेवताना. मसुराचं सूप मागवलं होतं, त्यावर लिंबू पिळून घेतात. (शाकाहारींनी "एत्सिझ" हा शब्द पाठ करावा, म्हणजे मांसाशिवाय. सूपही मटणाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, तेव्हा आधी विचारावं.) खाऊन झाल्यावर आई मला म्हणाली, "अगं, हिशेब मागव." शेजारून जाणारा वाढपी थबकला. "हेसाप?" आणि बिल घेऊन आला.

आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. त्यानंतर तिने शहर कानांनी बघायला सुरुवात केली. ट्रामच्या पाट्यांवरचं मेयदान म्हणजे आपलं मैदान. शेहिर म्हणजे शहर. दुकानाला दुक्कान, साबणाला साबुन, जबाबाला जेवाप, हवेला हावा. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. तोप, म्हणजे आपली तोफ, हा शब्द मात्र मूळ त्यांचाच, तुर्की. तोपकापी राजवाड्याला आम्ही पहिल्यांदा गेलो तो मंगळवार होता, आणि मंगळवारी तो बंद असतो. मग बाहेरच्या अंगणात झाडाखाली बसलो. तोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा, हे सांगितल्यावर आई ताठ झाली. आम्ही नगरचे. विजापूरला गेलेली मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये नगरलाच ओतली गेली, आणि ओतणाऱ्याचं नाव मुहंमद बिन हसन रूमी. रूमी, म्हणजे रूमचा, या मुलखाचा. "त्याचं गाव बघायला आलो बघ आपण," आई म्हणाली. त्याचं नेमकं गाव कोणतं ते मला माहीत नाही, पण मी तिला अडवलं नाही.

झाकल्या बाजारात, कापालीचार्शीत, तिचं चालणं संपलं. मी तिला एका साबणाच्या दुकानासमोर स्टुलावर बसवलं आणि रुमाल घ्यायला पुढच्या गल्लीत गेले. तिथे हजारो दुकानं आहेत आणि सगळ्या कमानी सारख्या. परतीची वाट चुकले. वीसेक मिनिटं नुसती धावत होते. सापडली तेव्हा आई त्याच स्टुलावर होती. हातात कंबर बारीक असलेला चहाचा छोटा पेला, बशीत साखरेचे दोन खडे. दूध नसलेला चहा ती घरी तोंडाला लावत नाही. समोर पांढऱ्या मिशांचे दुकानदार काका, दोघांच्या मध्ये तिची हिशेबाची वही. ती वस्तूकडे बोट दाखवत होती, ते नाव सांगत होते, ती देवनागरीत उतरवून घेत होती. कागदाला कायात. मी चहाचे पैसे काढले तर त्यांनी हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "मिसाफिर."

"मुसाफिर," आई म्हणाली. "हो, आहोतच."

हॉटेलच्या मुलाने रात्री नीट अर्थ सांगितला. तुर्कीत मिसाफिर म्हणजे प्रवासी नव्हे, पाहुणा.

शेवटच्या संध्याकाळी एमिनोन्यूहून उस्कुदारला बोटीने गेलो. ट्रामचंच कार्ड बोटीलाही चालतं. वीसेक मिनिटांत माणूस युरोपातून आशियात उतरतो. सीगल बोटीबरोबर उडत होते, लोक सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाचे, तुकडे वर फेकत होते. आईने अर्धा सिमित स्वतः खाल्ला, अर्धा त्यांना दिला.

ती वही आता नगरच्या घरी फडताळात आहे. डावीकडे खर्च, उजवीकडे शब्द. बाजाराच्या दिवसाच्या पानावर डावीकडे लिहिलंय, "साबण 4. चहा, पैसे घेतले नाहीत." उजवीकडे, "मिसाफिर = पाहुणा."